पहाटेची माणसं

हिदार ३

आज पहाटे गोळी तळहातावर घेतली, पाण्याचा पेला उचलला आणि बाहेर पावलं वाजली. एकाची नव्हे — तीन-चार माणसांची. पेला हातातून सुटला. मी मागच्या खोलीत पळालो आणि हातमागाच्या खड्ड्यात उतरून बसलो. पन्नाशीला आलेला बाप्या, आणि पाय ठेवायच्या खड्ड्यात लपलो!

पावलं फाटकावरून पुढे गेली. टेफचं पीक कापायला निघालेले मजूर होते.

माझी बायको येशी सांडलेलं पाणी पुसत होती. "मांजर होतं का?" म्हणाली.

"हो," म्हणालो.

आमच्याकडे मांजर नाही.

हिदार ५

बाहिर दार शहरात डॉक्टर हिरुतकडे जाऊन आलो. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, पण रागावते आईसारखी. रक्त तपासलं, लघवी तपासली, डोक्याचं चित्र काढलं. कुठे गाठ नाही, देवाची कृपा.

म्हणाली, "गळ्यातली थायरॉईड ग्रंथी अजून झोपलेलीच आहे. आणि काळजीचं रसायन, कॉर्टिसॉल, ते रात्रंदिवस जागं आहे. दिवस कलला की ते उतरायला हवं. तुमचं उतरतच नाही."

"म्हणजे एकाच घरात एक झोपाळू आणि एक राखणदार?"

हसली. मग परत गंभीर. गोळी सूर्य उगवण्याआधी, नुसत्या पाण्याबरोबर. तासभर कॉफी नाही. मी आजवर गोळी गिळली की लगेच कॉफीचा पहिला कप घेत होतो — अर्धं औषध वायाच गेलं म्हणाली! गुण यायला महिने लागतील.

"कशाची एवढी भीती वाटते तुम्हाला?"

"थंडीची," म्हणालो. तेही खोटं नव्हे. उन्हात दोन गाबी पांघरून बसतो.

पहाटेची, असं सांगायला हवं होतं. तिला कळलं असतं. आमच्यात मरणाची बातमी कुणी फोनवर सांगत नाही. म्हातारे जमतात, देवळातल्या धर्मगुरूंना, अब्बांना, सोबत घेतात आणि कॉफीची चूल पेटण्याआधी फाटकाशी येऊन उभे राहतात. त्यांना पाहिलं की सांगायला फारसं उरत नाही.

मिनिचिल फौजेत गेला त्याला दोन वर्षं झाली. गेल्या वर्षीच्या मेस्केरेम महिन्यापासून पोराचा फोन नाही.

हिदार १२

देवदूत मिकाएलचा सण. गर्दीत उभं राहवेना, म्हणून देवळाच्या भिंतीला टेकून बसलो. आमच्या मयत-मंडळाचे प्रमुख गाशे अलेम्ने समोरून आले.

"काय रे वीणकरा! तोंड बघ, सणाच्या दाबो पावासारखं फुगलंय. कापून वाटू का सगळ्यांना?"

"वाटा, गाशे. पुरेल गावाला."

हसत गेले. थोड्या वेळाने भिंतीच्या पलीकडून त्यांचाच आवाज आला. हलका. सोबत अब्बा केफ्याले.

"अजून सुजलेलाच आहे, अब्बा."

"मग थांबू या. आत्ता झेपणार नाही त्याला. जरा बरा होऊ दे, मग जाऊ."

कुणाकडे जाऊ, ते बोलले नाहीत. मी उठलो नाही. प्रसादही घेतला नाही.

हिदार १३

आज गोळी मागाच्या खड्ड्यात टाकली.

हिदार १५

उपास सुरू झाले. दूध नाही, मांस नाही. शिरोचं पिठलं आणि तिखट. तिखट आमच्याकडे संपतच नाही, येशी सारखी कुटत असते. शेजारणी चिडवतात — तुझ्या घरात काय पलटण जेवते का, गं?

उपासाची सबब मला मिळणार नाही. औषधाने उपास मोडत नाही, असं अब्बांनी मागेच सांगितलंय. तरी रोज पेला तोंडाला लावतो, येशीला दिसेल असं पाणी पितो, आणि गोळी मुठीतच राहते.

इथे खरं लिहितो. मी बरा झालो की ते येतील. मी आजारी आहे तोवर कुणी फाटकाशी येणार नाही. मी आजारी आहे तोवर मिनिचिल आहे.

देवा, हे तुझ्यापुढे प्रार्थनेत बोललो नाही. तुला माहीत असेलच.

हिदार २२

पाय उचलत नाहीत. मागाच्या पावड्या दाबताना वाटतं, कुणीतरी घोटे धरून बसलंय खाली. सूत तुटतं. आवाज घोगरा झालाय. आज सकाळी स्तोत्र म्हणताना मधलीच ओळ हरवली — लहानपणापासून पाठ असलेली!

आणि गंमत ही की पहाट चुकत नाही. कुणी येणार नाही हे माहीत आहे, तरी अंधारात डोळे उघडतात, छाती ढोलासारखी वाजते, कान फाटकाकडे. राखणदार माझं ऐकत नाही.

हिदार २८

गाशे अलेम्ने घरी आले. भरदुपारी. तरी त्यांच्यामागे आणखी कुणी आहे का, ते आधी बघितलं.

माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "औषध घेतोस की बकरीला घालतोस?"

"घेतो की."

"मग बकरी लठ्ठ कशी होत चाललीय?" येशीकडे बघून हसले. ती हसली नाही. जाताना फाटकाशी दोघं काहीतरी बोलली. ती सारखी मान हलवत होती — नाही, नाही.

ते गेले तेव्हा मला वाटलं, वाचलो. कोण वाचलं?

ताहसास ४

येशी पाण्याला गेली होती. मीही काठी टेकत निघालो, पाय मोकळे करायला. देवळामागच्या झऱ्याशी बायका बसल्या होत्या, मधे येशी. मी वीणकर, मला आधी काठ दिसतो, मग माणूस. तिच्या नेतेला शालीचा रंगीत काठ वर होता, गळ्याशी, हनुवटीला लागलेला. दुखवट्यात घेतात तसा.

मला बघून बायका गप्प झाल्या. येशीने एका झटक्यात नेतेला फिरवला. काठ खाली.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"वरच्या आळीतली म्हातारी."

कुणी गेलं की मंडळाचा शिंगवाला गावभर ओरडत फिरतो. तो फिरला नव्हता.

ताहसास ७

"आज खड्डा झाडला," येशी म्हणाली आणि मूठ उघडली. गोळ्या. काही मातीत विरघळलेल्या, काहींना सूत चिकटलेलं.

मी एक गोळी उचलून तिचं सूत सोडवायला लागलो.

"मी रोज मरियमपुढे उभी राहते तुमच्यासाठी. आणि तुम्ही हे खड्ड्यात पुरता?"

"मी बरा झालो की ते येतील, येशी."

ती खाली बसली. मागाच्या लाकडाला डोकं टेकवलं.

मग म्हणाली, "ते पावसाळ्याआधीच येणार होते. मीच अडवलं. म्हटलं, त्यांचं काळीज आत्ता कमजोर आहे, थांबा. त्या दिवशी फाटकाशीही गाशेंना तेच सांगितलं."

पावसाळ्याआधी! म्हणजे मी तिच्या हातचं जेवत होतो, थंडीची तक्रार करत होतो, आणि ती —

"मग तू रडलीस कुठे?"

"बर्बेरे कुटताना. तिखट कुटणारीला कुणी विचारत नाही."

फडताळाकडे बघितलं. खालपासून वरपर्यंत तिखटाच्या बरण्या.

तिने नाव घेतलं नाही. मीही नाही.

ताहसास ८

गोळी घेतली. गिळली. येशी समोर उभी होती, जीभ दाखवायला लावली. "आ करा. अजून." मग तासभर कॉफीकडे पाठ करून बसलो. वास सहन होत नव्हता!

ताहसास ११

रोज घेतोय. फरक काही नाही. डॉक्टरणीने सांगितलंच होतं, महिने लागतील.

आजही अंगणात उखळाचा आवाज. पूर्वी मला तो घरचा आवाज वाटायचा. आता प्रत्येक ठोक्याला डोळे मिटतात. शेवटी जाऊन मुसळ धरलं. "पुरे," म्हणालो.

"उद्याला लागेल," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मला गुण येईपर्यंत हिने कुटतच राहायचं?

ताहसास १३

काल मिकाएलच्या दर्शनाहून सरळ गाशे अलेम्नेंच्या दारात गेलो. "गाशे, मी बरा आहे." ते माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा केली नाही. "उद्या या," म्हणालो.

आज अंधारात गोळी घेतली. चूल पेटवू दिली नाही. फाटक मीच उघडलं, येशीच्या नेतेलाचा काठ मीच वर केला आणि तिच्याजवळ उभा राहिलो. पावलं वाजली. अब्बा पुढे होते. त्यांनी मिनिचिलचं नाव घेतलं.

येशी अंगणात रडते आहे. मोठ्याने, सगळ्यांसमोर.