बाबांचे ठोके आणि माझा एसी

आत्या, वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा अर्धाच वाकलोय). तुझे गुडघे, तुझी मांजर आणि तुझा राग, तिघंही खुशाल असतील असं धरून चालतो.

आधी बातमी सांगतो, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला घेशील. बाबांची बस वाचली! झालं असं, की गेल्या आठवड्यात परवान्याच्या तपासणीत बाबांच्या ईसीजीचा कागद नुसत्या रेघोट्यांचा आला. डॉक्टर म्हणाले, ठोके कळतच नाहीत, पुन्हा काढू. तेव्हाही हेच आलं तर बस चालवणं बंद. बाबा घरी येऊन गप्प बसले. (बाबा आणि गप्प! आईने ताप आहे का म्हणून कपाळ चाचपलं.)

पण मी पडलो एसी दुरुस्त करणारा, आणि ईसीजीच्या खोलीतला एसी माझ्याच हातचा! माझं डोकं चाललं. ईसीजी काढणाऱ्या बाईंना गाठून भंडावून सोडलं. त्या म्हणाल्या, अंग तापलं की हृदयातली वीज घाई करते, फारच गारठलं की रेंगाळते. आणि नुसती हुडहुडी भरली तरी थरथरत्या स्नायूंची वीज कागदावर मिसळते, मग धडधाकट हृदयाचाही नुसता गिचमिड काला दिसतो. आत्या, मी तिथेच उडी मारली (कंबर त्यातच गेली)! बाबांचं हृदय ठणठणीत, दोष सगळा माझ्या थंडाव्याचा! घरादाराला हे ऐकवलं, शेजाऱ्यांनाही (त्यांनी विचारलं नव्हतं).

काल दोन रजया, कानटोपी, पायमोजे आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन बाबांना नेलं. बाई म्हणाल्या, अहो, छाती तरी उघडी ठेवा! बाबांनी माझा हात धरला तो सोडेचनात. बोटं अजून ठणकतायत. मला दरदरून घाम फुटला होता, तो मी आनंदाचा समजलो. आणि कागद आला, ठोक्यामागे ठोका, शाळेतल्या रांगेसारखा! डॉक्टरांनी सही केली. आई रडली, मी रडलो, बाबा बस धुवायला गेले.

तुझा लाडका (असं तूच म्हणतेस) भाचा

ता. क. आज तो एसी बघायला गेलो. कॉम्प्रेसर जळलाय. बाई म्हणाल्या, महिनाभर बंदच आहे की! घरी येऊन बाबांना विचारलं. ते बूट पुसायला लागले. मग म्हणाले, "भीती वाटली रे. पण आत्याला सांगू नकोस."

ता. क. दुसरा. सांगितलंच, कारण तूही तुझी तपासणी दर वेळी "तिथे फार गार असतं" म्हणून टाळतेस. सोमवारी तुला न्यायला येतोय. रजया आणत नाही. एक हात मी धरीन, दुसरा बाबा.