बाबा जेवले होते

कन्हान
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय उत्तराताई,

जय भीम.

मी बरा आहे. तू पण बरी असशील असं धरून चालतो. मेघामावशीचे गुडघे कसे आहेत? जिन्यात बसायची ती लंगडी मांजर अजून येते का, का तिनं पण घर सोडलं?

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ओळखलंच असशील. बारावीत मराठीच्या बाईंनी माझा पेपर साऱ्या वर्गाले दाखवला होता, अक्षर कसं नसावं म्हणून. तुले सांगितलं तेव्हा तू हसली होती आणि बाबा नव्हते हसले. फोन काहून नाही केला म्हणशील. नंबर आहे माझ्याकडं, माझ्या दोस्तानं, प्रीतमनं दिला. पण तोंडानं बोलायले लागलो की माझ्याकडून खोटं निघून जातं, विचार करायच्या आधीच. लिहिताना हात हळू चालतो, तेवढ्यात पकडता येतं.

तुले वाटत असेल मी कुठल्या कुठे असेन. होतो पण. आठ महिने इटारसी, मग सुरत, मग रायपूर, मधात थोडं हैदराबाद. आता चार महिन्यांपासून कन्हानले आहे. म्हणजे लकडगंजपासून बसनं एक तास. एवढं फिरून मी घराच्या एक तास अलीकडं येऊन थांबलो आणि पुढं पाय उचलत नाही. इथं पुलाकडं जाणाऱ्या रस्त्यावर गोविंदाभाऊची चायनीजची गाडी आहे. मी कढई हलवतो. नूडल्स, मंचुरियन, फ्राइड राइस. चीनमधल्या माणसाले हे ओळखू येणार नाही अशी भाऊची पक्की खात्री आहे आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. सॉसमध्ये पाणी किती टाकायचं यावर आमचं रोज वाजते. ते जाऊ दे.

बाबा इथं आले असते तर गाडीसमोर उभे राहून काय म्हणाले असते ते तुले पाठ आहे. हे जेवण नाही, तोंड चाळवणं आहे. आपल्या लकडगंजच्या खानावळीत किती वेळा ऐकलं आपण. मी त्या वर्धा रोडच्या बर्गरच्या दुकानात लागलो तेव्हापासून तर रोजच. तू पुस्तक घेऊन बसायची आणि म्हणायची, तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा.

पण एक भांडण तू ऐकलं नाही. तू होस्टेलले होती. खानावळ बंद व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. बाकांवर दुपारी फक्त जुने गिऱ्हाईक गणपतराव आणि लाकूड कापायच्या आरामशीनवरची दोन म्हातारी माणसं उरली होती. नवीन पोरं सारी बाहेर गाडीवर खायची. बाबा मले म्हणाले, तुझ्या आजोबाले याच लाकडाच्या टालावर पाणी वरून ओतत होते, ओंजळीत. त्याच टालाच्या लोकांची पोरं माझ्या बाकावर येऊन बसली, माझ्या हातचं वरण मागून मागून जेवली. कोणाच्या हातचं आहे हे माहीत असून माणूस पोट भरून उठला, त्याले मी जेवण म्हणतो. मी म्हटलं, बाबा, माझ्या दुकानात तर कोणी विचारतच नाही कोणाच्या हातचं आहे. हे तुमच्यापेक्षा चांगलं नाही का? मले वाटलं जिंकलो.

बाबा पळी धूत होते. म्हणाले, "विचारत नाही गा, कारण त्यांना तू दिसतच नाही."

मग ते पळी पातेल्याच्या काठावर दोनदा ठोकायचे ना, वाढायच्या आधी, तसं त्यांनी ठोकलं. टक, टक. पातेलं तर रिकामं होतं.

तो आवाज मले सगळीकडं येतो, ताई. सुरतले एका कँटीनमध्ये होतो, तिथं. रायपूरच्या बसस्टँडवर. इथं पण. गोविंदाभाऊ झारा ठोकतात तेव्हा नाही येत, तो वेगळा आवाज आहे. कोणी काही ठोकत नसते तेव्हा येते. आणि त्यानंतर बाबा विचारायचे तेच येईल असं वाटते, पोट भरलं का? ते मात्र येत नाही. मी थांबून राहतो. गिऱ्हाईक म्हणते, अरे भाऊ, जळून राहिलं.

तुले एक विचित्र गोष्ट सांगतो. कोणाले सांगितली नाही. तीन वर्षं झाले, मी जेवलो नाही. म्हणजे खातो. समोसा, कचोरी, आलुबोंडा, तर्री-पोहे, नूडल्स, मोमो, जे मिळेल ते, उभ्यानं. पण ताट, वरण-भात, पोळी, भाजी, मांडी घालून, असं नाही. आधी कळलं पण नाही मले. सुरतले खोलीतली पोरं डाळ-भात करायची, मी काही ना काही कारण काढून बाहेर जायचो. मग एक दिवस लक्षात आलं. ठरवलं नव्हतं, पण ताट समोर आलं की मी उठून जातो.

मागच्या धम्मचक्र दिनाले मी दीक्षाभूमीले आलो होतो. तुले माहीत नाही. गर्दीत कोण कोणाले दिसते. आधी तू दरवर्षी बसायची तो प्रथमोपचाराचा मंडप शोधला. लांबूनच पाहायचं होतं. तू नव्हती. तिघी पोरी होत्या पांढऱ्या कोटात, तू नव्हती. मग भोजनदानाच्या रांगेत लागलो. अर्धा तास उभा होतो. पत्रावळ हातात आली, वाढणाऱ्यानं वरणाची पळी पुढं केली आणि मी रांग सोडून निघालो. मागची बाई ओरडली, काहून गा, मीठ कमी आहे का?

त्याच दिवशी प्रीतमले फोन लावला. तो म्हणाला, उत्तराताईनं नर्सिंग तेव्हाच सोडलं, तुले माहीत नाही? दुसऱ्या वर्षातच. मिहानमध्ये एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या लावते. काहून सोडलं विचारलं तर म्हणते, माझ्या हाताचा भरवसा नाही.

ते ऐकून मी पुन्हा लांब पळालो नाही, एवढं एक चांगलं केलं. कन्हानपर्यंतच पळालो.

पेन बदललं आहे. आधीचं गोविंदाभाऊचं होतं, ते घेऊन गेले.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी एक म्हातारे गाडीवर आले. कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले, सांगत होते. एक प्लेट हाक्का म्हणाले आणि बाकावर बसून सदरा वर केला. खिशातून इन्सुलिनची सुई काढली, पोटाले टोचली, सदरा खाली केला. सारं असं, जसं आपण चष्मा पुसतो. खाऊन राहिले होते तेव्हा फोन आला, पोरीचा असेल. म्हणाले, "हो, जेवून राहिलो. घेतली सुई, आताच घेतली. काय म्हणजे काय? नूडल्स. आता घरी आल्यावर मले पुन्हा टोचू नको आणि पुन्हा वाढू पण नको."

बस एवढंच. एका वाक्याचं काम होतं ते.

माझे नूडल्स कढईले लागले. भाऊनं शिव्या दिल्या. मी पुलावर जाऊन बसलो, आणि तेव्हापासून हे पत्र लिहून राहिलो आहे. तीन कागद फाडले. हा चौथा.

आता लिहितो.

त्या दिवशी तू हॉस्पिटलच्या ड्यूटीवर होती, होस्टेल सोडून घरूनच जायची तेव्हा. खानावळ बंद होऊन महिना झाला होता. बाबा दिवसभर खिडकीत बसायचे. सकाळी मी निघालो तेव्हा म्हणाले, "संघ्या, आण आज एखादा तुझा तो. पाहू तरी पोरगं काय बनवते." मी दिवसभर कोणाले काही बोललो नाही इतका खूश होतो. सहा वाजता आलूटिक्कीवाला बर्गर घेऊन आलो, गरम राहावा म्हणून शर्टाच्या आत धरून.

बाबांनी तो ताटात ठेवला. उघडून पाहिला. वास घेतला. कांद्याची चकती बोटानं उचलली आणि म्हणाले, बारीक चिरला, तूच चिरला का? आमच्या दुकानात तर कांदा चिरून पिशवीत येतो. तरी मी म्हटलं, हो, मीच.

मी सुई काढायले फ्रिजकडं गेलो तर म्हणतात, याले सुई कायले? सुई जेवणाची असते. मी म्हटलं बाबा, हे पण जेवणच आहे, पावात काय, बटाट्यात काय, साखर वाढतेच. तूच शिकवलं होतं ना ताई, तुझ्या परीक्षेच्या वेळी, संत्र्यावर टोचून टोचून. तुझ्यामुळं माझा हात बसला होता. अठरा युनिट. मी अठरा दिले. साडेसहा वाजले होते.

मग ते जेवले. हळू, बसून, शेवटच्या तुकड्यानं ताटातला सॉस पुसून. मिशीले लागला तो मी पुसला. पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोट भरलं गा."

मी विचारलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याले विचारलं त्यानं मले सांगितलं. मग म्हणाले, उत्तराले सांगू नको, ओरडेल. मी सुई त्याच कागदी पिशवीत गुंडाळली आणि पिशवी खाली रस्त्यावरच्या डब्यात टाकून आलो. घरात वास राहू नये म्हणून.

आठ वाजता तू आली. मी जोडे घालून राहिलो होतो. खाली प्रीतम हॉर्न वाजवत होता. तू पिशवी पण खाली ठेवली नव्हती आणि विचारलं, बाबा जेवले का? सुई दिली का? तुझ्या पाठीमागं बाबा तोंडावर बोट ठेवून हसत होते, लहान पोरासारखे.

मी म्हटलं, "नाही. दोन्ही बाकी आहे."

आणि जिना उतरलो.

प्रीतमच्या गाडीवर बसल्यावर आठवलं मले, सुई तर झाली आहे, तू आता पुन्हा देशील. आठवलं नाही असं लिहिणार होतो, मागच्या तिन्ही कागदांवर तसंच लिहिलं होतं. आठवलं. फोन खिशात होता, चार्ज होता. वाटलं, बाबा सांगतीलच. आता कळते की ते काहून बोलले नाहीत. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. आणि त्यांच्या हिशोबानं तू वाढलं ते जेवण होतं, त्याची सुई वेगळी. मावशी नंतर म्हणाली की त्यांनी अर्धीच पोळी खाल्ली, भूक नाही म्हणाले. भूक कुठून असणार.

सकाळी ते उठले नाहीत. घरी आलेल्या डॉक्टरनं एवढंच विचारलं, काल सुई कोणी दिली होती? तू म्हणाली, मी. नंतर मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलो तर तू ती रिकामी सुई खिडकीच्या उजेडात धरून उभी होती. मावशीले विचारत होती, मावशी, मी अठराच घेतले होते ना? अठ्ठावीस तर नव्हते ना? परत परत. मी कप ओट्यावर ठेवले आणि बाहेर आलो. तिसऱ्या दिवशी बाबांचा जलदानविधी झाला आणि मी स्टेशनवर गेलो.

तू अठराच घेतले होते, ताई. आधीचे अठरा माझे होते. तुझा हात चुकला नाही. तुझा हात कधीच चुकला नाही.

मी जन्मभर बाबाशी भांडलो की हे पण जेवण आहे. त्या एका दिवशी त्यांनी मानलं. आणि दीड तासानं, जेव्हा फक्त मले म्हणायचं होतं की हो, जेवले, तेव्हा मीच नाही म्हणालो.

हे वाचून तू काय करशील ते मले माहीत नाही. कोणाले दाखवायचं असेल, पोलिसाले, मावशीले, दाखव. नर्सिंगच्या कॉलेजात दाखवून पुन्हा घेतात का, हे मात्र विचार. मी सही करून देतो, कुठंही.

रविवारी दुपारी मी येतो. अकराच्या बसनं निघतो म्हणजे बारापर्यंत जिन्याखाली असेन. वर बोलाव असं म्हणणार नाही. दार लावून घेतलं तरी मी जिन्यात मांजरीजवळ बसेन, आणि यावेळी पळणार नाही. फक्त खिडकीतून एकदा विचार, आल्या-गेल्याले विचारतात तसं, जेवला का म्हणून.

यावेळी खरं सांगीन.

तुझा,
संघ्या