गेर्ड केसिंगची झेंडी

मी, वेंडेलिन ताश्के, वय सत्त्याहत्तर, राहणार ओबरहाके, कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमधला निवृत्त टर्नर, अविवाहित, मूलबाळ नाही, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, शाईच्या पेनाने लिहीत आहे. २००४ साली केलेले मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे. त्यात घर भाच्याला दिले होते आणि बाकी सगळे खोटे होते.

माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी गेल्या मंगळवारी मला कागदावर घड्याळ काढायला लावले. काढले. काही पाठ असेल तर म्हणा, असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी १९७८ सालचे आमच्या वेस्टफालिया प्रांताच्या फुटबॉल लीगच्या दोन्ही गटांतले संघ ओळीने म्हणून दाखवले. त्या म्हणाल्या, "पुरे हो, ताश्केसाहेब, माझ्यापेक्षा तुम्हीच शहाणे." मूत्रपिंडे मात्र गेली आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबावाखाली मी काय करतो ते कलम तीनमध्ये येईल.

कलम १. मला जाळावे. फुटबॉल संघटनेच्या कोणीही भाषण करू नये. कोणत्याही मैदानावर माझ्यासाठी एक मिनिट शांतता पाळू नये.

कलम २. ओबरहाके येथील माझे राहते घर, मागचे अंगण व तळघरासह, मी अल्मुट गेर्ड केसिंग हिला देत आहे. भाचा योर्ग याने कोर्टात जाण्याची तसदी घेऊ नये. आमच्या कायद्यात भाच्याला हक्काचा वाटा नाही, मी वकिलाला विचारून घेतले आहे. माझ्या पंचाहत्तरीला केक कापण्याआधी तो भिंतींची लांबी पावलांनी मोजत होता.

कलम ३. घर अल्मुटलाच का, हे लिहिल्याशिवाय कलम दोन पुरे होत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या खाणीखाणींचे संघ देशातल्या सगळ्यात वरच्या वर्गात खेळत. त्रेसष्ट साली सबंध देशाची एकच लीग झाली. मोजके संघ तिकडे गेले, उरलेले न हरता एक पायरी खाली आले. चौऱ्याहत्तर साली दुसरी देशव्यापी लीग निघाली, पुन्हा तेच. आमच्या वेस्टफालियाचे दोन गट तेव्हा तिसऱ्या पायरीवर होते. अठ्ठ्याहत्तर साली ठरले की त्या दोन गटांच्या डोक्यावर आणखी एक लीग बसवायची. प्रत्येक गटातले वरचे संघ तिच्यात जातील, बाकीचे आहेत तिथेच राहतील आणि आहेत तिथेच एक पायरी खाली जातील. वर्कशॉपमध्ये हे मी कितीदा तरी समजावून सांगितले असेल. लोकांच्या डोळ्यांत तेव्हा जो राग दिसायचा तो मी गमतीवारी नेला.

शेवटच्या रविवारी आमच्या गटात एकच जागा उरली होती. क्रायेनबुशच्या मैदानावर क्रायेनबुश विरुद्ध वेल्मेरोडे. क्रायेनबुशला बरोबरी पुरत होती, वेल्मेरोडेला जिंकणे भाग होते. पंच मी. पूर्वेकडच्या बाजूला लाइनमन गेर्ड केसिंग, ओबरहाकेचा पोस्टमन, वय चौतीस, बायको चार महिन्यांची गरोदर. सकाळी गाडीत त्याने मला उकडलेले अंडे सोलून दिले आणि विचारले, "मुलगी झाली तर अल्मुट कसं वाटतं?" मी म्हणालो, "म्हाताऱ्या बाईचं नाव वाटतं." तो हसला.

मध्यंतराला एक-एक होते. पंचांच्या खोलीत मी एकटा असताना क्रायेनबुशचे अध्यक्ष ओस्टरकाम्प आत आले. धंद्याने खाटीक. बोलायच्या आधीच त्यांनी माझी मान धरली आणि तोंड हात धुण्याच्या भांड्यात दाबले. नाकावर नळाची तोटी आपटली. वर पाण्याची धार चालू होती.

"ऐक, ताश्के," ते म्हणाले. "बरोबरी. मला बरोबरी पाहिजे. नाहीतर तुला डुकरासारखा उलटा टांगीन."

सोडल्यावर त्यांनी मला नाक पुसायला स्वतःचा रुमाल दिला. ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नाही, कारण ती सांगितली असती तर पुढची सांगावी लागली असती.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, अजून एक-एकच असताना, वेल्मेरोडेचा फॉरवर्ड गोलसमोर पडला. मी चाळीस मीटर मागे होतो. मला काही दिसले नाही. मी शिट्टी फुंकली आणि पेनल्टी दिली. ओस्टरकाम्पची बोटे तेव्हाही मानेवर जाणवत होती. पेनल्टी मी त्या बोटांविरुद्ध दिली.

क्रायेनबुशचा मधला बचावपटू हार्टमुट पोलोक माझ्यापर्यंत सगळ्यांत आधी पोचला. त्याने माझा गळा पकडला.

"तू पाहिलंस? तू स्वतः पाहिलंस का, भडव्या?"

मी म्हणालो, "लाइनमननं झेंडी दाखवली." आणि हात लांब करून गेर्डकडे बोट केले.

गेर्डची झेंडी खाली होती. पायाशी. तो माझ्याकडे बघत होता, पत्ता चुकलेले पाकीट हातात आल्यासारखा. तेवढ्यात लोक कठडा ओलांडून आले. आधी दहाबारा, मग किती ते मोजता येईना. कोणीतरी कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी उपटली आणि गेर्डच्या पाठीवर मोडली. तो गुडघ्यांवर बसला तेव्हा एकाने बाटली फोडली. पोलोक मला सोडून धावत तिकडे गेला आणि त्याने बुटाने गेर्डच्या डोक्यावर, कानाच्या वर, एखादा सुटा चेंडू मारावा तशी लाथ मारली. मग दुसरी. बुटाखाली लोखंडी खिळे होते.

मी शिट्टी फुंकत होतो. फुंकत फुंकत मी खोलीकडे पळालो, आत गेलो आणि दार आतून लावले. पोलीस येईपर्यंत उघडले नाही.

गेर्ड मेला नाही. त्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि लिहिणेही गेले. नोव्हेंबरात मुलगी झाली. बायकोने तिचे नाव अल्मुटच ठेवले. ते नाव त्याला कधी उच्चारता आले नाही. पाच वर्षांनी तो गेला.

खटल्यात मी शपथेवर सांगितले की लाइनमनची झेंडी वर होती. गेर्डला चाकांच्या खुर्चीत आणले होते. माझे वाक्य ऐकल्यावर तो डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर मारू लागला. थांबेना. न्यायाधीश म्हणाले, "यांना त्रास होतोय, बाहेर न्या." त्याची बायको त्याला बाहेर घेऊन गेली. तो काय सांगत होता हे त्या खोलीत मला माहीत होते आणि आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेल्या पोलोकला.

पोलोकला अडीच वर्षे झाली. अर्धवट सुटलेला सामना संघटनेने वेल्मेरोडेला बहाल केला, ते वरच्या लीगमध्ये गेले. क्रायेनबुशच्या गुत्त्यात आजतागायत "खोटारडा केसिंग" म्हणतात. अल्मुट हे ऐकत वाढली. शाळेत या नावावरून तिने एका मुलीचा दात पाडला होता. तेव्हा मुख्याध्यापकांसमोर तिची बाजू घ्यायला तिचा वेंडेलिनकाका गेला होता.

कलम ४. वर्कशॉपमधून निवृत्त होताना मिळालेले लेथ मशीन, मापाची हत्यारे व पाने हार्टमुट पोलोक याला द्यावीत. मोठा पाइप पाना देऊ नये, तो मी नदीत टाकला आहे.

एक्क्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, भर दुपारी, पोलोक माझ्या भाजीच्या वाफ्यावर आला. तुरुंगातून सुटून महिना झाला होता. मी पाण्याचा पंप दुरुस्त करत होतो. त्याने दारू प्यायली नव्हती. टोपी काढून हातात धरली होती.

"ताश्के, मी भांडायला नाही आलो. मी मारलं, मी भोगलं. पण झेंडी खाली होती. मी तुझा गळा धरून उभा होतो, तुझ्या खांद्यावरून मला दिसत होती."

"मग मारलंस कशाला?" मी विचारले.

"तू बोट केलंस म्हणून," तो म्हणाला. "त्याच्या बायकोला सांग. एवढंच. मी सांगितलं तर कोण ऐकणार?"

मी पाना त्याच्या गुडघ्यावर मारला. हाडाचा आवाज झाला. तो घेवड्याच्या वेलांत पडला, वर बघून म्हणाला, "अरे, बास." आणि मी त्याच गुडघ्यावर पुन्हा मारला. पहिला फटका भीतीचा होता. दुसऱ्याला मला कारण सापडलेले नाही, अडतीस वर्षे शोधतो आहे.

दवाखान्यात त्याने शिडीवरून पडलो असे सांगितले. त्याचा पाय आजही वाकत नाही. पूर्वी तो खाणीत फिटर होता, हत्यारांची त्याला पारख आहे.

कलम ५. लीगचे तक्ते, एकूण एकसष्ट वह्या, गावाच्या दफ्तरखान्यात द्याव्यात. पंच्याऐंशीच्या वहीत पान बावीसवर पेन्सिलची खाडाखोड दिसेल. ती माझी.

चौऱ्याऐंशीपासून बावीस वर्षे मी गटप्रमुख होतो. कोणता संघ कोणत्या गटात, कोण कोणाकडे कधी जाणार, हे मी ठरवत असे. क्रायेनबुश तोवर दोन पायऱ्या घसरले होते. त्या पायरीवर चार गट होते आणि नकाशावर त्यांची जागा पश्चिमेच्या गटात होती. मी रेघ खोडली, त्यांच्या गावाला वळसा घालून पुन्हा काढली आणि त्यांना पूर्वेच्या डोंगराळ गटात टाकले. एकाआड एक रविवारी शंभर किलोमीटर. पोलोक तेव्हा त्यांच्या मैदानाचे गवत कापत असे. गावाचे ते मैदान ओसाड पडावे, त्याने ते रोज पाहावे, एवढीच माझी इच्छा होती.

तिकडच्या गावांत क्रायेनबुशची ख्याती आधीच पोचली होती. लाइनमनला मारणारे. पहिल्याच हिवाळ्यात होहेनलाऊ गावात त्यांची बस अडवून काचा फोडल्या. कुंपणाचे खुंट काढून लोक आत शिरले. गोलकीपर डेटलेफ व्रोना याची प्लीहा फुटली. तो अठ्ठ्याहत्तर साली संघात नव्हताच. अहवाल माझ्या टेबलावर आला. मी दोन्ही संघांना दंड लिहिला आणि रेघ तशीच ठेवली. पुढल्या वर्षी क्रायेनबुशला अकरा माणसे जमेनात, नाव काढून घेतले. खाण त्याच वर्षी बंद झाली, म्हणून सगळे म्हणाले की संघ खाणीबरोबर गेला.

माझी बँकेतली सगळी शिल्लक डेटलेफ व्रोना याला द्यावी. तो मला ओळखत नाही.

कलम ६. ओस्टरकाम्प वारले. त्यांच्या मुलाने गुत्त्यातल्या काचेच्या कपाटासाठी माझी शिट्टी मागितली आहे. देऊ नये. हातोड्याने चपटी करून टाकावी. संघटनेने मला दिलेल्या सोन्याच्या पिनचेही तेच करावे.

कलम ७. कलम तीन क्रायेनबुशच्या त्याच गुत्त्यात, रविवारी, गर्दीच्या वेळी, मोठ्याने वाचून दाखवावे. पोलोक वाचायला तयार आहे. "अर्ध्यात कोणी थोबाड फोडलं तरी वाचीन," असे तो मला फोनवर म्हणाला. आम्ही अडतीस वर्षांनी बोललो.

कलम ८. हे कलम नंतर जोडत आहे. वरचे सगळे मी आज सकाळी अल्मुटला वाचायला दिले. मेल्यावर कळवणे म्हणजे पुन्हा दार आतून लावणे झाले असते. ती एक्केचाळीस वर्षांची आहे, रुग्णवाहिका चालवते. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून तिने कोट न काढता वाचले. कलम तीन दोनदा वाचले.

"आई मरेपर्यंत म्हणत होती, त्यानं झेंडी वर केली नसती तर," ती म्हणाली. "चूक त्याचीच, असं म्हणत गेली ती. आणि तू तिच्या शेजारी बसून तिचा हात धरला होतास."

"हो."

"तुम्ही दर वाढदिवसाला आमच्याकडे जेवलात, ताश्के."

तिने मला काका म्हटले नाही, आणि तू सोडून तुम्ही म्हटले. मग ती उठली आणि तिने मला मारले. उघड्या हाताने नाही, मुठीने. मी खुर्चीसकट पडलो. खालचा एक दात तुटला आणि डावी भुवई फाटली. तिने पुन्हा मूठ उगारली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मूठ खाली घेतली. नंतर तिनेच बर्फ आणला, जखम साफ करून पट्ट्या चिकटवल्या. हात सराईत होते.

दाराशी मी विचारले, "घराचं काय? नको असेल तर कलम बदलतो."

"बदलू नका," ती म्हणाली. "घेईन. आणि पाडीन."

"कधी?"

"तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी स्वतः यंत्र भाड्यानं आणीन."

तिच्याविरुद्ध मारहाणीची कोणतीही तक्रार माझ्या हयातीत वा पश्चात कोणीही करू नये. कलम दोन जसेच्या तसे कायम आहे. घरातले पाण्याचे आणि गॅसचे मुख्य नळ तळघरात जिन्याच्या डाव्या हाताला आहेत. पाडण्याआधी ते बंद करावेत.

हस्तलिखित मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. तरी मी आज संध्याकाळी दोघांना बोलावले. दोघांनी इथवरचा संपूर्ण मजकूर वाचून, माझ्या देखत, एकाच टेबलावर सह्या केल्या. दोघे पहिल्यांदाच एका खोलीत बसले. सहीआधी पोलोक अल्मुटसमोर उठून उभा राहू लागला, पाय वाकत नसल्यामुळे त्याला वेळ लागला, आणि अल्मुट त्याला म्हणाली, "बसा. सही करा आणि जा."

ओबरहाके, दिनांक ९ नोव्हेंबर २०१९

सही: वेंडेलिन ताश्के

साक्षीदार: १. हार्टमुट पोलोक, क्रायेनबुश
२. अल्मुट केसिंग, ओबरहाके