सगळी रडली तर परत येणारा देव

आये,

परवा नातीला एक गोष्ट वाचून दाखवत होते. बर्फाच्या मुलखातल्या एका देवाची. तो मरतो आणि त्याला परत आणायचं असतं. चार ओळी वाचल्या नाहीत तोच मी थांबले, कारण हीच गोष्ट मी तुला चुलीपुढं बसून वाचून दाखवली होती. फक्त पुस्तकात तिचा शेवट वेगळा आहे, आणि तेव्हाही तो वेगळाच होता. मी सातवीत होते, तुला वाचता येत नव्हतं, आणि त्याचा मी फायदा घेतला. आता तुला जाऊन एवढी वर्षं झाली, माझेही केस पांढरे झाले. तरी म्हटलं, एकदा लिहून टाकावं. तू असतीस तर हे कागद तुला कुणाकडून तरी वाचूनच घ्यावे लागले असते, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे तू ऐकावंस असं मला वाटत नाही.

तार आली तेव्हा आपल्या रानात गुऱ्हाळ चालू होतं. तू काहिलीपासून उठून आलीस, हाताला मळी तशीच. गुरुजींनी तार वाचली. तुझा नवरा, माझे दादा, लढाईत बेपत्ता. तू विचारलंस, "बेपत्ता म्हंजी?" गुरुजी म्हणाले, "म्हणजे सापडत नाहीत." मी भोकाड पसरलं आणि तू फाडकन माझ्या थोबाडीत दिलीस. "गप! कोन मेलंय रडायला? सापडत न्हाईत म्हंजी हायेत कुटंतरी." त्या दिवसापासून आपल्या घरात रडणं बंद झालं. डोळ्याला पदर लावत कुणी बाई दारात आली की तू तिच्या पुढ्यात ज्वारीचं सूप सरकवायचीस, "बसलीयास तर तेवढं निवड." ज्वारी निवडता निवडता बाईचं रडणं आटायचं. मी मात्र त्या थोबाडीतनं जे शिकले ते पक्कं शिकले. रडलं की माणूस मेलं, आणि नाही रडलं तर ते आहे कुठंतरी.

पुस्तक गुरुजींनीच दिलं होतं, शाळेच्या कपाटातलं, पुठ्ठा गेलेलं. देशोदेशीच्या देवांच्या गोष्टी होत्या, आणि त्यात मरून परत येणारे देवच जास्त. गुरुजींनी ते मुद्दाम दिलं की हाताला लागलं म्हणून, मला आजही माहीत नाही. दिवेलागणीला तू भाकऱ्या थापायला बसायचीस, मी चुलीच्या उजेडात वाचायचे. त्या देवांची नावं तुझ्या तोंडात बसायची नाहीत, म्हणून तू तुझी नावं ठेवलीस. तम्मूझ तुझा 'निम्म्या वर्साचा देव' झाला. त्याची बायको पाताळात अडकते आणि तिला सुटायचं तर बदली माणूस द्यावा लागतो. वर येऊन बघते तर नवरा खुशाल सिंहासनावर बसलेला. तिनं त्यालाच खाली धाडला. तू भाकरी उलटत म्हणालीस, "बरूबर केलं. बायको तिकडं मरतीया आन ह्यो गादीवर?" पुढं त्याची बहीण निम्मं वर्ष त्याच्याऐवजी खाली जाते आणि तो वर येतो, हे ऐकल्यावर तू बोटांवर हिशेब केलास. "सा म्हैनं खाली, सा म्हैनं वर. लय झाली की रजा! तुज्या दादास्नी दोनच म्हैनं मिळत्यात." आणि मग आपण दोघी हसलो. तार आल्यावर घरात पहिल्यांदा हसू आलं ते त्या परक्या देवाच्या रजेवर.

नाईल नदीकाठच्या देवाचे त्याच्या भावानं तुकडे केले आणि बायकोनं ते नदी धुंडाळून गोळा केले, ती गोष्ट तू तीनदा वाचायला लावलीस. त्या मुलखात देवाच्या आकाराची माती करून तिच्यात धान्य पेरायचे, कोंब आले की देव उठला म्हणायचे, असं खाली लिहिलं होतं. तू थापायची थांबलीस. "अगं बया, ह्यो तर आपला घट!" मग बराच वेळ तुझं ठरेना की त्या बायकांना घट बसवायला शिकवलं कुणी. आपल्यातल्या मदनाची गोष्ट तुला कीर्तनातनं ठाऊक होती, पण ती तुला पटायची नाही. महादेवानं जाळलं, रती रडली, आणि तो परत आला तो बिनअंगाचा. "बिनअंगाचा नवरा घिऊन करायचं काय? पानी कोन पाजनार उसाला?" असं तू म्हणायचीस.

वर्षभरानं लढाईत पकडलेले जवान सुटून यायला लागले. आपण दोघी एसटीनं साताऱ्याला गेलो. फौजेच्या ऑफिसातल्या माणसानं यादीवरून दोनदा बोट फिरवलं. तू म्हणालीस, "आवं, खालनं वर बगा की एकदा." त्या भल्या माणसानं खालून वरही बघितलं. दादांचं नाव नव्हतं. तशाच एसटीनं परत आलो. नंतर फौजेचं पत्र आलं. त्यात दादा मयत धरावेत असं होतं.

त्यानंतर आबा हटून बसले. दादांचे थोरले भाऊ, म्हणजे तुझे थोरले दीर. तुम्ही दोघं एकमेकांशी समोरासमोर बोलत नव्हता, तशी रीतच होती. तुम्ही माझ्या तोंडानं बोलायचात. ते ओट्यावर, तू दाराआड, मध्ये तीन हात जागा आणि तीन हातांत मी. "तुज्या आईला सांग, म्हाळाला समद्या पितरांचं पान वाढतो आन माजा भाऊ तेवढा उपाशी ऱ्हातो." "तुज्या आबास्नी सांग, जित्या मान्साचं पान कावळ्याला ठेवायचं नसतंय." मी काही सांगत नव्हते, तुम्हा दोघांनाही सगळं ऐकू जात होतं. आबांना वाईट म्हणू नकोस. सांगताना त्यांचा आवाज फुटायचा. दादांचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, दिवस घालायचे, मग म्हाळाला पान वाढायचं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तुला एवढंच नको होतं. पुतळा जळाला की त्यांना यायला वाटच उरली नाही, असं तुझं म्हणणं. त्या श्रावणात तुमचं माझ्यामार्फत चाललेलं भांडण रोजचंच झालं.

त्यातच एका संध्याकाळी त्या बर्फातल्या देवाचं पान निघालं. बाल्डर नावाचा, सगळ्यांचा लाडका. त्याला मारतात, जहाजावर ठेवून जहाजासकट जाळतात. तू मान वर केलीस. "जाळत्यात? आन तरीबी येतो?" मी पुढं वाचलं. मेलेल्यांच्या राज्याची राणी सांगते, जगातलं झाडून सगळं रडलं तर सोडते. माणसं, जनावरं, झाडं, दगडसुद्धा. मग सगळी रडायला लागतात. मी पान उलटलं आणि माझे डोळे तोंडाच्या पुढं पळाले. एका गुहेत एक म्हातारी बसलेली असते. ती म्हणते, मी नाही रडणार. आणि तेवढ्या एकीसाठी देव खालीच राहतो.

तुझ्या तळहातावर थापलेली भाकरी होती. तवा धुरावला होता, तरी तू ती टाकेनास. "आला न्हवं?" तू विचारलंस. मी तुझ्याकडं बघितलं आणि म्हटलं, "आला." "समदी रडली?" "समदी रडली." पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना परत करून टाकलं. चुकूनही कुणी ते पान तुला वाचून दाखवायला नको.

मला वाटलं होतं, गोष्ट तिथंच संपली. पण सकाळी तू दाराआडून म्हणालीस, "तुज्या आबास्नी सांग, भटजीला बलवा. एक इचारायचं हाय." भटजी आले. तू माझ्या तोंडून विचारलंस की पुतळा जाळला आणि नंतर माणूस घरी आला तर? भटजी म्हणाले, तर त्याचा नवा जन्म धरायचा. बारसं घालायचं, आणि पुन्हा लग्न लावायचं. "लगीन कुनाशी?" हे मात्र तू मला मध्ये न घेता थेट विचारलंस, आबांच्या समोर. "बायकोशीच, आणखी कुणाशी!" दाराआड तू खुदकन हसलीस. मग म्हणालीस, "मग जाळा."

 तुझं मन कशानं वळलं ते आबांना कधीच कळलं नाही. मला कळलं. जाळलेला देव परत येतो, हे मीच तुला सांगितलं होतं. अजून वेळ होती. "आये, तो देव आला नाही," एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर दादा येणार नाहीत असंही मीच सांगितल्यासारखं झालं असतं. माझ्याच्यानं ते झालं नाही.

कऱ्हाडच्या संगमावर नदीला लाल गढूळ पाणी होतं, निम्म्या पायऱ्या बुडालेल्या. बायका जात नाहीत अशा कामाला, पण तू कुणाचं ऐकलं नाहीस, आणि तुझ्यामागं मी आले, तुझी थोरली जाऊ, आमच्या काकीही आल्या. पळसाची पानं तू स्वतः आणलेली. डोक्याच्या जागी नारळ ठेवला तर म्हणालीस, "एवडं मोटं डोस्कं न्हाई त्यांचं," आणि बदलून धाकटा नारळ घ्यायला लावलास. काकींनी दादांची लोकरी टोपी पुतळ्यावर घालायला मागितली, ती दिली नाहीस. "आल्यावर काय घालतील?" आबांनी अग्नी दिला आणि तू रडायला सुरुवात केलीस. दीड वर्षाचं साठलेलं. नावाडी नाव सोडून वर आला. आबा रडले, काकी रडल्या, नावाडी रडला. आणि तू रडता रडता एकेकाचं तोंड निरखून बघत होतीस. मला ते दिसत होतं. पायरीच्या दगडावरून हात फिरवून तू म्हणालीस, "दगूडबी वला हाय." बैलगाडीपाशी गेलीस, पांढऱ्या बैलाच्या डोळ्यातनं पाणी येत होतं. माशी बसली होती गं डोळ्यावर. पण तू त्याच्या गळ्यात पडलीस.

मग सगळ्यांनी नदीवर आंघोळी केल्या. मी वर आले तशी तू माझी हनुवटी धरलीस. "रडलीस न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

घरी आल्यावर कुंकू तू स्वतःच्या हातानं पुसलंस. बायका पुढं आल्या तर त्यांना म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. परत लावायचंच हाय." त्या वर्षी म्हाळाला दादांचं पान वाढलं. पंधरवडा सरला आणि काकींनी घट बसवला. दसऱ्याला घराघरातले गडी टोपीत घटाचे तुरे खोचून हिंडतात, तसा एक तुरा तू खुंटीवरच्या त्या लोकरी टोपीत खोचलास. पुढं दरवर्षी खोचलास. कोंब हिरवे असायचे, आठवड्यात पिवळे पडायचे. एसटी थांबली की तू दारात यायचीस. मग नुसती मान वळवायचीस. मग तेही थांबलं.

माझ्या थोरल्याच्या वेळी मी बाळंतपणाला आले होते. आपण दोघी पडवीत शेंगा फोडत होतो. तू एकदम म्हणालीस, "आपलं काय चुकलं, ठावं हाय का? कुनीतरी रडायचं ऱ्हायलं आसंल." आवाजात राग नाही, काही नाही. मीठ विसरलं असेल असं म्हणावं तसं म्हणालीस. आणि मोजायला लागलीस. आबा रडले. काकी रडली. नावाडी तर परका माणूस, तोबी रडला. "तुजं तर मी सोता बगितलं. गाल वलं हुतं." मी हातातली शेंग फोडली, पुढची घेतली. पुस्तकातलं जे पान मी तुझ्यापासून लपवलं होतं, ते तू विचार करून करून आपलं आपण गाठलं होतंस, आणि ती म्हातारी तुझ्या पुढ्यात बसून शेंगा फोडत होती. त्या वेळी मला पळून जावंसं वाटलं. पोटुशी होते, कुठं पळणार?

आता मला कळतं की माझ्या रडण्यानं काही झालं नसतं. एवढं शिकले-सवरले, एवढी पोरं शिकवली, तेवढं तरी कळतंच. पण कळलं म्हणून काही सुटत नाही. परवा नातीनं विचारलं, "मग तो देव आला का गं आजी?" मी म्हटलं, "नाही आला." आयुष्यात पहिल्यांदा तो शेवट मोठ्यानं वाचला. तिनं "बरं" म्हटलं आणि पुढची गोष्ट काढ म्हणाली. एवढं सोपं होतं ते.

तू गेलीस त्या दिवशी मी इतकी रडले की गल्ली गोळा झाली. बायका म्हणाल्या, आईवर लय जीव हुता पोरीचा. जीव होताच. पण त्यातलं निम्मं रडणं दादांचं होतं, आणि ते बघायला तू नव्हतीस. हे कागद आता कुठं धाडायचे नाहीत. घडी घालून नातीच्या पुस्तकात ठेवते, त्याच पानाशी.

त्या दिवशी संगमावर माझे गाल ओले होते, ते नदीचं पाणी होतं, आये. मी रडले नव्हते.