खांद्याजवळचे दोन कप्पे

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न.

रजा मिळाली! ओळीनं अकरा दिवस वॉर्डात राबले, तेव्हा कुठे मेट्रनबाईंना पाझर फुटला. यंदा खिंड ओलांडून पलीकडच्या तळ्यापर्यंत जायचं, सहा दिवस. तुझा गुडघा नाही म्हणतो, म्हणून सोबतीला वहिनी.

आता रागावू नकोस. तू शिवलेली स्लीपिंग बॅग यंदा घरीच राहणार. वहिनीनं आम्हा दोघींना दुलया शिवल्यात, बॅगेच्या निम्म्या वजनाच्या. तिचं म्हणणं, अंगाखाली दबलेली पिसं ऊब देतच नाहीत, मग ती वाहून न्यायची कशाला? खाली चटई असतेच. म्हणून पाठीचा भाग गाळूनच टाकलाय. पायांशी तेवढी बंद, आणि कडेच्या पट्ट्या चटईला बांधायच्या. कुशीवर वळताना गुरफटायला होत नाही.

माझ्या दुलईचे खांद्याजवळचे पिसांचे दोन कप्पे उसवलेत. वहिनी करून देत होती, पण मीच म्हटलं, शिवण ताईच्याच हातची हवी. पार्सल पाठवलंय. आठ दिवसांत परत धाड.

लोभ आहेच, त्याचं वजन मात्र कमी करू नकोस.

तुझी
धाकटी

२० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. आ.

दुरुस्ती करून दुलई आजच रवाना केली.

बारा वर्षं ती बॅग तुला जड वाटली नाही. पडदेवालीनं काट्यावर ठेवून दाखवली आणि लगेच वाटायला लागली! पडदे शिवणारीनं आता मला पिसं शिकवावीत? एकवीस वर्षं मी कारखान्यात दुसरं काय करतेय? तिची दुलई आमच्या मुकादमाला दाखवली. वाटलं, हसेल. त्यानं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला की बाईनं डोकं चालवलंय. मला डबा गेला नाही त्या दिवशी.

खोट काढायला मीही भिंग घेऊन बसले होते. एक टाका वाकडा सापडेना. लिहूनच टाकते, माझा जळफळाट झाला. आणि शिवणीचं एक वेळ सोड, तंबूत तुझ्या डाव्या हाताला मी झोपायचे. तिथे आता ती. तिला सांगून ठेव, तू झोपेत लाथा मारतेस.

गुडघ्याचं नीट विचारलंही नाहीस. तसाच आहे. भावाला आशीर्वाद.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझी
ताई

१९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

खिंड सर झाली! तळं इतकं निळं होतं की मी येड्यासारखी नुसती बघत बसले. पण एक घोळ झाला.

पहिल्याच मुक्कामाला वहिनीनं माझी दुलई खांद्याशी चाचपली, शिवणीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाली, तिच्या हातून चूक झालीय. वरच्या आणि आतल्या कापडामध्ये उभी पट्टी घालायची असते, म्हणजे पिसं फुगून बसतात. घाईत तिनं म्हणे दोन्ही कापडं थेट एकमेकांना शिवली. त्या रेघेवर पिसं राहत नाहीत, थंडी सरळ आत शिरते. मी विचारलं, मग ताईच्या लक्षात कसं आलं नाही? तर म्हणाली, ताईंनी उसवलं होतं तेवढंच शिवलं, ही जागा वेगळी.

मग हट्टानं स्वतःची दुलई मला दिली आणि माझी आपण घेतली, सहाही दिवस. सकाळी बाटलीत पाण्याचा बर्फ झालेला असायचा. मी छान झोपले. ती मात्र खोकत परतली, अजून अंथरुणाला खिळून आहे, छातीत कफ झालाय. मी तिला चांगलंच सुनावलं, शिवायचं तर ताईसारखं जीव ओतून शिवावं. बिचारीनं ऐकून घेतलं.

तुझ्या लोभाची हक्कदार,
धाकटी

२४ सप्टेंबर

चि. सौ. भावजयीस,
अ. आ. (तुला आशीर्वाद द्यायचं तोंड मला उरलेलं नाही, तरी लिहिते.)

लग्नाला सहा वर्षं झाली, आणि तुला हे माझं पहिलंच पत्र.

ती शिवण माझी आहे. तुला ठाऊक आहे, मलाही. हात चुकला म्हणावं तर तेही खोटं. तुझ्या पट्ट्या मी एकेक टाका उसवून काढल्या आणि कापडं थेट शिवून टाकली. कारखान्यात असलं काम कुणी केलं असतं तर मीच त्याला फैलावर घेतलं असतं. धाकटीला थोडी थंडी वाजावी, माझी बॅग आठवावी, एवढंच मनात होतं. ती थंडी तू आपल्या अंगावर घेशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

माझं नाव का घेतलं नाहीस? तुझ्या हाताचा हेवा वाटला, तंबूतल्या जागेचा वाटला, आता तुझ्या चांगुलपणाचाही वाटतो. मेला जातच नाही.

धाकटीला आजच सगळं खरं कळवलंय. औषध वेळेवर घे. लोभ कर म्हणायला जीभ रेटत नाही.

ताई

५ ऑक्टोबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

खोकला उतरलाय. पण तो चांगुलपणा माझ्या माथी मारू नका.

अख्ख्या चढावर तिच्या तोंडी तुम्हीच होतात. ताई इथे थांबायची, ताई असा चहा करायची. चालत होते मी, सोबत मात्र तुमची. शिवण बोटाला लागली तेव्हाच कळलं, इतका सारखा टाका दुसऱ्या कुणाचा? सांगितलं असतं तर ती तिथूनच मागे फिरली असती. तुमच्याशी भांडली असती, रडली असती, आणि संध्याकाळी दोघी गळ्यात गळे घालून बसला असतात. मी कुठे? म्हणून चूक माझ्या नावावर घेतली. निदान सहा दिवस तरी ती माझी राहिली. त्यापुढे थंडीचं मला काही वाटलं नाही.

तुमचं पत्र वाचून तिनं तिकीट काढलं. आता रविवारच्या गाडीनं तुमच्याकडे येतेय, भांडायला. मला म्हणाली, हा आम्हा बहिणींचा मामला आहे, तू येऊ नकोस.

मी माझंही तिकीट काढलंय. माझाही तुमच्यावर राग आहे ताई, आणि तो मला समोर बसून काढायचाय. लोभाचं मागाहून बघू, आधी भांडणात मला घ्या.

आपली
भावजय