अठरा अंशांचं घर

केनाक बेट,
२८ एप्रिल १९८३

चि. बेलार्मिनो यास थोरल्या बहिणीचे अ. उ. आ. वि. वि.

तू मामाआजोबा झालास. आपल्या नोल्फाला दहा दिवसांपूर्वी कास्त्रोच्या इस्पितळात मुलगी झाली. सहा आठवडे आधीच आली कार्टी. वाट बघणं आपल्या घराण्यात कुणाला जमलंय म्हणा. एक किलो आठशे ग्रॅम वजन, पण रडते अशी की नर्सा कानात कापूस घालतात, असं नोल्फाच सांगत होती. जावई तुमच्याकडेच दक्षिणेत खेकड्यांच्या बोटीवर आहे, त्याला अजून पत्ताही नसेल. बंदरावर भेटला तर सांग, आणि माझ्या वतीने दोन धपाटे घाल, उगीचच.

आता रडगाणं ऐक. बाळ अडीच किलोचं झालं की घरी सोडणार. पण कोणाच्या घरी, हा प्रश्न आहे. तिची छाती नाजूक, गारठा सोसायचा नाही, म्हणून आमच्या बेटाची नर्सबाई घर बघायला आली. भिंतीला तापमापक टांगून गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन बघते तो काय, नऊ अंश. म्हणाली, पहाटे अठरा हवेत, एकही कमी चालणार नाही. दहा जूनला ती पुन्हा येणार आहे. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर मायलेकी हिवाळा सरेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, पुएर्तो माँतला, विहीणबाईंकडे.

विहीणबाई, म्हणजे दोन्या ग्रिसेल्दा, तुला लग्नात भेटल्याच आहेत. सिमेंटचं घर, गॅसची शेगडी, आणि बोलणं असं गोड की दात किडावेत. पाळणासुद्धा आणून ठेवलाय म्हणे. म्हणजे मी माझी नात पहिल्यांदा धडपणे बघणार ती त्यांच्या मांडीवर, आणि तीही बटाट्यांची टोपली घेऊन पाहुणी म्हणून जाऊन. मला नाही सहन व्हायचं ते, बेलार्मिनो. सरळ सांगते.

आणि घर गार का, तर तुझ्यामुळे. बावीस वर्षांपूर्वी टेकडीवरून समुद्राकाठी हे लाकडी घर अख्खंच्या अख्खं बैलांनी ओढत आणलं, तेव्हा पुढची जोडी तू हाकत होतास. वाटेत बुंध्यावर आपटून घर जे वाकडं झालं, ते आजतागायत एक दार चौकटीत बसत नाही. चूल दिवसभर पेटती असते आणि सगळी ऊब समुद्रावरच्या पाखरांना जाते. तेव्हा सुतारबुवा, फटी कशा बुजवायच्या ते आता तुम्हीच सांगा.

लोभ आहेच. उत्तर लवकर धाडलंस तर वाढेलही.

तुझी ताई,
ओर्फेलिना


पुंता आरेनास,
७ मे १९८३

ती. ताईस वाकड्या घराच्या सुताराचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं तसं सुतारखान्यात सगळ्यांना वाइन पाजली. मालकाने कारण विचारलं, तर मी म्हणालो की मला नात झाली. तो म्हणाला, लग्न न करता नात होणारा पहिलाच माणूस बघतोय. जावईबापूही भेटले. ऐकून ते धक्क्यावर मटकन खालीच बसले, म्हणून धपाटे राहून गेले.

एक गोष्ट मात्र आधी स्पष्ट करतो. मी पुढे होतो हे खरं, पण मागची जोडी आउदिलिओची होती. दोर त्याने सैल सोडला म्हणून घर फिरलं. बावीस वर्षं सांगतोय, पण तो शेजारी आणि वर नावा बांधणारा, म्हणून तुझा विश्वास त्याच्यावर.

आता नीट वाच. वारा सुटला असेल त्या दिवशी पेटती मेणबत्ती घेऊन भिंतीकडेने फिर. ज्योत वाकेल तिथे खडूने खूण कर. सुरुवात माळ्याच्या झाकणापासून, कारण ऊब वर पळते. मग जमिनीच्या फळ्या, मग खिडक्या. खिडकीच्या चौकटीत लोकरीची वात वळून सुरीच्या टोकाने कोंब. दारांखाली मेंढीच्या कातड्याच्या पट्ट्या ठोक. भिंतींना बाहेरून ठोकलेल्या लाकडी कौलांच्या आणि आतल्या फळ्यांच्या मधली पोकळी लोकरीने भर, पण धुतलेल्या. नाहीतर बाळाला वाटेल आपण गोठ्यात जन्मलो.

आणि एकटीने करू नकोस. शेजाऱ्यांना बोलव. मदत मागताना तुझी जीभ टाळ्याला चिकटते, मला माहीत आहे, पण या वेळी सोडव. बाळ तुझ्याच घरी यायला हवं, ताई, मलाही तसंच वाटतं.

तुझ्या लोभाची भूक पुंता आरेनासच्या थंडीत जास्तच लागते, तो असू दे.

तुझा,
बेलार्मिनो


केनाक,
२२ मे १९८३

चि. बेलार्मिनोस अ. उ. आ. वि. वि.

मेणबत्तीची गंमत ऐक. ज्योत वाकण्याची वाट बघायची म्हणालास, इथे ती पहिल्याच दारापाशी विझली. अर्धी काडेपेटी संपली तेव्हा कुठे स्वयंपाकघर बघून झालं. इतक्या खुणा झाल्या की घराला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

तेवढ्यात आउदिलिओ मासे द्यायला आला. खुणा बघून असा हसला की कवळी हातात धरावी लागली. म्हणाला, सुताराला फटींतलं काय कळतं, सुतार फटी पाडतो, बुजवतो तो नाववाला. चाळीस वर्षांत त्याच्या एका नावेत थेंब शिरला नाही म्हणे. दोर सैल सोडल्याचं तुझं म्हणणंही मी त्याच्या कानावर घातलं. त्यावर तो जे बोलला ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. जीभ सोडवायची वेळच आली नाही माझ्यावर, काम त्यानेच मागून घेतलं.

काल इर्जिक झाली. शेजारपाजारची नऊ माणसं कामाला हातभार लावायला आली. पुरुषांनी आलेर्सेच्या झाडाच्या सालीचा काथ्या वळला आणि नावेच्या फटींत ठोकतात तसा लाकडी हातोड्याने फळ्यांच्या फटींत ठोकला. दिवसभर घर नुसतं ठकठकत होतं. आम्ही बायकांनी लोकर धुवून, पिंजून भिंतींत भरली आणि गावातल्या सगळ्यांच्या सुनांचं भलंबुरं बोलून घेतलं. जेवायला कोकरू भाजलं, बटाट्याचे मिल्काओ केले, आणि सफरचंदाची दारू तर माझ्या अंदाजाच्या दुप्पट लागली. बऱ्याच वर्षांत या घरात इतकी माणसं नव्हती रे. मला फार बरं वाटलं.

आज पहाटे तापमापकात सोळा. अजून पुढचं दार आणि चुलीमागची जमीन राहिली आहे, ती आउदिलिओ मंगळवारी करणार. मग म्हणे हे घर पाण्यात सोडलं तरी तरंगत पुएर्तो माँतला पोचेल. मी म्हटलं, तेवढं एक नको.

कळावे, आणि कळल्यावर खूष व्हावे.

तुझी ताई,
ओर्फेलिना


केनाक,
२८ मे १९८३

चि. बेलार्मिनोस आशीर्वाद.

हे पत्र विमानाने जावं म्हणून जास्तीचं तिकीट लावते आहे, तेव्हा ओळख काय ते.

मंगळवारी शेवटची फट बुजली आणि बुधवारपासून चूल रुसली. लाकूड पेटतं, मग नुसतंच धुमसतं, आणि धूर नळीतून वर जायचं सोडून घरात येतो. दार उघडलं की भडाभडा पेटते, लावलं की पुन्हा तेच. मांजर कालच निघून गेलं. माझे डोळे कांदे चिरल्यासारखे झालेत आणि सकाळी उठले की डोकं ठणकतं. आउदिलिओने धुराड्याची नळी उतरवून घासली, चुलीची राख काढली, वाऱ्याला शिव्या दिल्या. काही उपयोग नाही. दार उघडं ठेवून झोपले तर पहाटे आठ अंश. म्हणजे एवढं सगळं करून आधीपेक्षा एक कमी.

काल विहीणबाईंचं पत्र आलं. घर जुनं आहे, तुम्ही या वयात जिवाला त्रास करून घेऊ नये, बाळ इथे सुखात राहील, असं लिहिलंय. मला राग येऊ नये म्हणून इतक्या मायेने लिहिलंय की जास्तच आला. मग राग गेला आणि मी रडले. धुराने नव्हे. नोल्फाचे वडील गेल्यापासून या घरात मी एकटीच बोलते आणि एकटीच ऐकते. मला ती पोर इथे हवी आहे, बेलार्मिनो. तेरा दिवस उरलेत आणि माझी अक्कल संपली.

काही सुचलं तर कळव.

ताई


पुंता आरेनास,
४ जून १९८३

ती. ताईस एका गाढवाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं आणि मी कपाळावर हात मारला. सगळं लिहिलं आणि मुख्य तेच लिहायचं राहिलं. चुलीला श्वास लागतो, ताई. इतकी वर्षं ती तुझ्या फटींतूनच श्वास घेत होती. आउदिलिओने घराची नाव केली आणि नावेत कुणी चूल पेटवत नाही, म्हणून त्याच्याही डोक्यात आलं नाही. त्याला दोष देऊ नकोस, चूक माझी आहे. आणि सकाळी डोकं ठणकत होतं ते साधं दुखणं नव्हतं. कोंडलेल्या चुलीची हवा माणसाला झोपेतच नेते. रात्रभर मला झोप नाही.

पत्र पोचेपर्यंत धीर धरवेना, म्हणून आज सकाळीच तार करून कास्त्रोच्या रेडिओवर निरोप दिला. तो आता सगळ्या द्वीपसमूहाने ऐकला असेल, त्याबद्दल माफ कर.

करायचं असं. चुलीच्या अगदी मागे, जमिनीला, मूठ जाईल एवढं भोक पाड. घर खांबांवर आहे, खाली मोकळी हवा आहेच. त्या भोकातून एक नळी चुलीच्या तोंडाशी आण आणि खाली उंदरांसाठी जाळी लाव. चूल आपली हवा खालून थेट घेईल, घरातली ऊब ओढणार नाही. बाकी एकही फट उघडू नकोस. भोक पडेपर्यंत मात्र खिडकी उघडी ठेवायची आणि रात्री चूल पूर्ण विझवायची. गारठलीस तर दोन घोंगड्या जास्त घे.

आउदिलिओ आडवा येईल. त्याला विचार, त्याच्या प्रत्येक नावेच्या तळाला पाणी सोडायला बुचाचं भोक असतं की नाही.

तुझा लोभ मी या वेळी कमावलेला नाही, तरी मागतो.

बेलार्मिनो


केनाक,
१२ जून १९८३

चि. बेलार्मिनोस पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझा निरोप मीही ऐकला आणि धक्क्यावर जमलेल्या चाळीस माणसांनीही. दुपारच्या निरोपांत कुणाची गाय सापडली, कुणाची आई बरी आहे, असं चाललेलं असताना निवेदक गंभीर आवाजात म्हणाला की केनाकच्या ओर्फेलिनाने चुलीमागे जमिनीला ताबडतोब भोक पाडावं, नळी आणि जाळी लावावी आणि तोवर खिडकी उघडी ठेवावी, इति भाऊ. तेव्हापासून बेटावर जो भेटतो तो भोकाची खुशाली विचारतो. पाद्रीबाबांनीसुद्धा विचारली.

आउदिलिओ तरातरा आला आणि चुलीमागे जमिनीवर फतकल मारून बसला. त्याने बुजवलेल्या तळाला त्याच्यादेखत कुणी भोक पाडणार असेल तर आधी त्याच्या मांडीला पाडावं, असं म्हणाला. बुचाचं तुझं वाक्य तेव्हा हाती नव्हतं. मी त्याला एवढंच सांगितलं की मला नाव नको आहे, नात हवी आहे. तो तिथेच बसून दोन पेले माते चहा प्याला. मग उठला आणि घरून भोक पाडायचं स्वतःचं गिरमिट घेऊन आला. त्याच्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला चालत नाही म्हणे. नळी बसवली, जाळी लावली. चूल पहिल्याच काडीला अशी पेटली की आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो.

शुक्रवारी पहाटे नर्सबाई आली. मी तापमापकाकडे पाठ करून उभी होते, माझ्याच्याने बघवेना. ती म्हणाली एकोणीस. मग तिने डोकं दुखतं का विचारलं, चुलीमागचं भोक वाकून बघितलं, कोट काढला आणि उगीचच तासभर बसली. येत्या शनिवारच्या बोटीने बाळ येतंय. सोबत विहीणबाईही येताहेत, घराची खात्री करायला, दोन दिवसांसाठी.

लोभ कमावलेला नाही म्हणतोस, तर उधार देते.

ताई


केनाक,
२५ जून १९८३

चि. बेलार्मिनोस अ. उ. आ. वि. वि.

आली. गेल्या शनिवारी, भर पावसात, नोल्फाच्या कोटाच्या आत. मला आधी दिसलं ते फक्त नाक. घरात आल्या आल्या विहीणबाई कोट न काढता खोलीभर फिरल्या. खिडक्यांपाशी हात धरून बघितला, दारापाशी वाकून बघितलं. मी काही बोलले नाही. माझ्या गप्प बसण्याची तारीख लिहून ठेव, पुन्हा यायची नाही. अर्ध्या तासाने त्यांनी कोट काढला. मग स्वेटर. मग चुलीपाशी बसून म्हणाल्या की पुएर्तो माँतच्या त्यांच्या भिंतींना ओल येते आणि गॅस फार लवकर संपतो. आज आठ दिवस झाले, दोन दिवसांच्या विहीणबाई अजून इथेच आहेत. रात्री माझ्याशी पत्ते खेळतात आणि लबाडी करतात. खरं सांगायचं तर मला त्या आवडायला लागल्यात, पण हे तू कुठे बोलायचं नाही.

एक सांगायचं आहे. पोर जन्मल्यापासून तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. डोक्यातून ऊब जाते, म्हणून खोली बावीस अंशांवर असल्याशिवाय काढायची नाही, असं इस्पितळात बजावलं होतं. पहिल्या दिवसापासून तिचं उघडं डोकं नर्सांनीच काय ते बघितलेलं, आम्ही कुणी नाही. काल सान हुआनचा सण. भाजणं-तळणं चाललं होतं, चूल ऐन रंगात होती. नोल्फा तापमापकापाशी गेली, परत आली, आणि टोपीची नाडी सोडली.

काळेभोर केस, बेलार्मिनो. दाट, आणि सगळे उभे. आम्ही दोघी आज्या डोक्याला डोकं लावून बघत होतो. आधी विहीणबाई रडल्या, मग मी, आणि आउदिलिओ म्हणाला की त्याला मिल्काओ नीट तळले गेलेत का ते बघायचंय, नि तोंड फिरवून उभा राहिला.

आता हे लिहिते आहे तेव्हा बाहेर उत्तरेचा वारा पिसाटलाय. कौलं खडखडताहेत, काठावरच्या नावा दुहेरी बांधल्यात. पोर माझ्यासमोर उघड्या डोक्याने झोपली आहे आणि तिचा एक केससुद्धा हलत नाही.

तुझी,
ओर्फेलिनाताई