भिंगाच्या काठाचा टवका

आप्पा, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. तुम्ही होता तेव्हा तरी कुठं लिहीत होते. आपल्या चष्म्याच्या दुकानाशेजारच्या किराणावाल्याकडं फोन करायचा, त्यानं हाक मारायची, तुम्ही काचेची भुकटी लागलेला हात पुसत यायचा आणि विचारायचा, "जेवलीस का?" बाकीचं सगळं त्या एका प्रश्नात मावायचं. आज लिहायला बसले आहे, कारण जे सांगायचं आहे ते मला जिवंत माणसाला सांगता आलेलं नाही.

आधी माझ्या कामाचं सांगते. ते तुम्हाला नीट कधी समजावलंच नाही. दूरच्या एका डोंगरावर मोठी दुर्बीण आहे. तिचा आरसा आपल्या घराच्या अंगणाएवढा. पण दुर्बीण नुसता उजेड गोळा करते. त्या उजेडाचं पुढं काय करायचं, ते मागं बसवलेली यंत्रं ठरवतात. तारा किती लांब आहे, कशाचा बनला आहे, हे त्याचा उजेड फोडून रंग वेगळे केल्यावर कळतं. तसं यंत्र आम्ही पुण्यात बनवतो. जुनं यंत्र आभाळाचा चिंचोक्याएवढाच तुकडा बघायचं. नवं यंत्र कितीतरी रुंद बघणार, अगदी कडेकडेचंसुद्धा. त्यासाठी पाच भिंगं लागतात, सगळ्यात मोठं भिंग भाकरीच्या परातीएवढं. त्याची काच एका देशात ओतली, दुसऱ्या देशात घासली, आणि ते आमच्या हाती यायला दोन वर्षं गेली. ही भिंगं धातूच्या गोल कड्यात बसवायची जबाबदारी माझ्यावर आहे. म्हणजे होती. अजून कागदावर आहे.

तुमच्याकडून मी काय शिकले असं कुणी विचारलं, की मी एक गोष्ट सांगते. आठवीत असेन. मी दुकानात बसले आहे, बेंबळीच्या एका बाईंचा चष्मा तयार होऊन ठेवला आहे, आणि चांगलं काम करायचं म्हणून मी तो फ्रॉकच्या घेरानं खसाखसा पुसते. तुम्ही काच घासायचं चाक थांबवता. मारत नाही. चष्मा माझ्या हातातून घेता, उजेडाकडं धरता आणि तो ओरखडा मला दाखवता. "काचंवर धूळ असती, कोरडं पुसू न्हाय. ओरखडा आपून पाडतो, आन् समोरचं माणूस जन्मभर त्यातनं बघतं." त्या बाई बाकावर बसलेल्या. त्या म्हणाल्या, "असू द्या आप्पा, लेकरू हाय, मला तेवढं दिसतंय." तुम्ही म्हणालात, "तुमाला दिसंल, मावशी. मला न्हाय चालत." आणि दुसरी काच घासायला घेतलीत. त्या बाई संध्याकाळची शेवटची गाडी चुकायच्या भीतीनं सारख्या रस्त्याकडं बघत होत्या, आणि मी खाली मान घालून बसले होते.

ज्यांना वाचता यायचं नाही त्यांच्यासाठी तुम्ही गल्ल्यावर वाटीभर तूरडाळ ठेवायचा, खडे मिसळलेली. डोळ्यावर काच बदलत राहायची आणि म्हणायचं, खडं येचा. म्हातारी माणसं एकेक खडा काढायची आणि त्यांचा चेहरा बदलायचा. आमच्या प्रयोगशाळेत नवी मुलं येतात, त्यांना मी हे सांगते. ती हसतात, पण त्यांच्या लक्षात राहतं.

नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला ते खिशातल्या घड्याळासारखं मापक दिलंत, काचेवर तीन टोकं टेकवली की तिची गोलाई सांगणारं. मी म्हणाले, "तुम्हाला लागेल की." तुम्ही म्हणालात, "बोटाला कळतंय आता मला." मला वाटलं, तीस वर्षांच्या सवयीचा माणूस बोलतो आहे. खरं म्हणजे त्याच्यावरचे आकडे तुम्हाला दिसत नव्हते.

ते कळलं दोन वर्षांनी, मी दोन दिवसांसाठी घरी आले तेव्हा. तेव्हा गावाला आपण उस्मानाबादच म्हणायचो. सकाळचं स्वयंपाकघर, आई मागच्या दारी भांडी घासते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात आणि मी डावीकडून चहा पुढं करते. तुम्ही दचकता. "कोण हाय?" मी तुमच्या शेजारी, हातभर अंतरावर. मग तुम्ही बशीत चहा ओतता आणि धार बशीच्या बाहेर पडते. मी तुमच्या कानाजवळ बोट धरते आणि हळूहळू पुढं आणते. पार नाकासमोर येईपर्यंत तुमची पापणी हलत नाही.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"अडीच वरीस. सोलापूरला दाखवलंय. काचबिंदू म्हणाले. थेंब दिल्यात."

"थेंब घालता का?"

तुम्ही दाराकडं बघितलंत. आईच्या भांड्यांचा आवाज येत होता. "चष्मेवाल्यालाच दिसत न्हाय म्हणल्यावर दुकानात कोण येईल? थेंब घातलं की डोळं लाल हुत्यात, लोक इचारत्यात. तुज्या आईला बोलू नगंस."

मी म्हणाले, पुढच्या महिन्यात पुण्याला चला, मी मोठ्या डॉक्टरांकडं नेते. तुम्ही लगेच हो म्हणालात. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुम्ही किती घाबरला आहात. पुढच्या महिन्यात आमच्या पहिल्या यंत्राची चाचणी निघाली. मी फोन केला, जरा थांबू. त्याच्या पुढच्या महिन्यात परदेशी पाहुणे आले. तिसऱ्यांदा तर मी फोनही केला नाही, तुमच्याच फोनची वाट बघितली.

तुम्ही नळदुर्गला कुणाचे तरी चष्मे पोचवायला गेलात आणि हमरस्ता ओलांडताना डावीकडून आलेल्या टेंपोनं तुम्हाला उडवलं. भर दुपार होती. धाब्यावरची माणसं म्हणाली, टेंपोवाल्यानं लई हॉर्न वाजवला, आप्पांनी वळून बघितलंच न्हाय. आई जाईपर्यंत एकच म्हणत राहिली, "सावकाश चालायचा माणूस, त्या दिवशीच कशी घाई केली." मी तिच्याजवळ बसून ते ऐकत राहिले. ती गेली त्यालाही चार वर्षं झाली.

आता जे लिहिते ते तुम्हालाही ठाऊक नाही. टेंपोवाल्याला लोकांनी मारलं, पोलिसांनी आत घेतलं. पाच दिवसांनी हवालदार जबाब घ्यायला घरी आले. समोर आई बसलेली. त्यांनी विचारलं, "वडिलांच्या नजरंला काही त्रास व्हता का?" मी म्हणाले, "नाही. ते स्वतःच चष्मे बनवायचे." हवालदारांनी तसंच लिहून घेतलं आणि मी सही केली. खरं सांगितलं असतं तर आईला दोन गोष्टी कळल्या असत्या, तुम्हाला दिसत नव्हतं ही आणि मला ते माहीत होतं ही. त्या माणसाचा खटला तीन वर्षं चालला. मी एकदा कोर्टात त्याला बघितलं. चाळिशीचा, उमरग्याकडचा, कपाळावर टाक्यांची खूण. त्यानं मला हात जोडले. म्हणाला, "ताई, म्या मुद्दाम न्हाय केलं. ते सरळ म्होरं आले." मला माहीत होतं तो खरं बोलतो आहे. मी मान फिरवली आणि बाकावर जाऊन बसले. त्याला शिक्षा झाली. पुढं त्याचं काय झालं, मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी माझी गाडी फाटकाला घासली. मग पुन्हा एकदा, त्याच बाजूनं. जिन्याची शेवटची पायरी चुकायला लागली. मला लगेच कळलं, आप्पा. जगात दुसऱ्या कुणाला नाही तरी मला ते पहिल्या दिवशी ओळखता यायला हवं होतं, आणि आलंही. मी डॉक्टरांकडं गेले नाही. यंत्र बसवायला चार महिने राहिले होते आणि ज्या बाईला कडेचं दिसत नाही तिच्या हाती कुणी ती भिंगं दिली नसती. म्हटलं, एवढं होऊ दे, मग बघू.

मोठं भिंग कड्यात उतरवायचा दिवस आला. वर जड सामान उचलायचा साखळीचा उच्चालक, त्याला भिंग टांगलेलं, आणि भिंग व कडं यांच्यामध्ये नखाएवढी फट. साखळी आमच्या तंत्रज्ञाच्या हातात होती. पन्नाशीचा माणूस, आपल्याच भागातला, माकणीचा. अकरा वर्षं आमच्याकडं, पण कायम कंत्राटावर. त्याचा हात तुमच्यासारखा होता. कधी घाई नाही. सकाळी कडं धरायला त्यानंच एक पकड लावली होती, ती काढायची राहून डाव्या बाजूला तशीच होती. पण खाली सोडायच्या आधी तो थांबला आणि त्यानं विचारलं, "मॅडम, डावीकडं मोकळं हाय ना?" मी भिंगावरची नजर न काढता डोळ्याच्या कडेनं डावीकडं बघितलं. मला सगळं मोकळं दिसलं. मी म्हणाले, "मोकळं आहे, येऊ द्या."

बांगडी वाढवावी एवढाच आवाज झाला. काठाला ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला होता आणि त्यातून केसासारखा तडा आत गेलेला. त्या यंत्रात काच कायम थंडीत राहते. तो तडा वाढत जाणार हे आम्हा दोघांनाही समजलं. तो साखळी धरून तसाच उभा राहिला. मग साखळी अडकवून म्हणाला, "पकड मीच इसरलो. मीच इसरलो."

चौकशी आमच्या साहेबांच्या खोलीत झाली. तिघं समोर, आम्ही दोघं शेजारीशेजारी. साहेबांनी मला विचारलं, "डावी बाजू मोकळी आहे का, असं खाली सोडायच्या आधी यांनी तुम्हाला विचारलं होतं?" मी म्हणाले, "मला तसं आठवत नाही."

त्यानं शेजारून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी बोलताना चुकले असेन, आता सुधारेन, अशा नजरेनं. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत राहिले. मग तो म्हणाला, "चूक माझीच हाय, साहेब. पकड मी लावली व्हती."

महिनाअखेरीला त्याचं कंत्राट संपलं आणि पुढं वाढवलं नाही. मी त्याला फोन केला. खरं सांगायचं असं ठरवून केला होता. त्यानंच आधी विचारलं, "दुसरं भिंग कवा येणार, मॅडम?" मी म्हणाले, दीड वर्ष तरी लागेल. तो म्हणाला, "तुमी जिवाला लावून घेऊ नका. भोसरीत एका कारखान्यात लागलोय. हिकडं मोटारीचे भाग असत्यात, फुटलं तर दुसरं घ्यायचं." आणि मग विचारलं, "तुमचे डोळे बरे हायत ना?" त्याला केव्हापासून माहीत होतं कोण जाणे. मी म्हणाले, "बरे आहेत." तो "बरं, बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी डॉक्टरांकडं गेले. अर्ध्या वाटीसारख्या पांढऱ्या यंत्रात हनुवटी टेकवायची आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी खूप वेळ काहीच न दाबता बसले, तेव्हा वाटलं यंत्र बंद पडलं. कागद निघाला त्यात डावीकडचा खालचा कोपरा काळा. डॉक्टर तरुण होती. तिनं विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता का?" मी म्हणाले, "वडिलांना होता." वीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून निघालं. ती लिहीत होती. तिनं मानही वर केली नाही.

थेंब घालते. लाल होतात डोळे, तुम्ही म्हणाला होता तसे. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकलं तर टिकेल. तुम्ही ते का लपवलंत हे मला आता समजतं, पण त्यानं मन हलकं होत नाही. तुमच्या लपवण्यात तुम्ही स्वतः गेलात. माझ्या लपवण्यात दरवेळी दुसरंच कुणीतरी गेलं आणि मी जागच्या जागी राहिले. तुम्ही असता तर मला मारलं नसतं, नुसती काच उजेडाकडं धरून दाखवली असती, असं मी स्वतःला सांगते. पण खरं म्हणजे या वेळी तुम्ही काय केलं असतं ते मला ठाऊक नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच ते एका बैठकीत लिहून झालं. जे टाकायचं आहे ते साहेबांना आहे. साखळी सोडायच्या आधी त्यानं मला विचारलं होतं आणि मी मोकळं आहे म्हणाले होते, एवढ्या दोन ओळींचं. तीन आठवड्यांपूर्वी त्यासाठी कोरा कागद घेतला आणि वर तारीख घातली. आज दुपारीही तोच कागद समोर होता. त्यावर अजून तारखेच्या पुढं काही नाही.